शाळेत हाताचे काम : वर्धा, पाबळ आणि दप्तराविना दिवस

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची व्यवसायांशी गाठ घालून देण्याचे तीन मार्ग शाळांनी आजवर वापरले आहेत. वर्गात माहिती सांगणे हा पहिला, चाचणी घेऊन कल शोधणे हा दुसरा आणि प्रत्यक्ष काम करू देणे हा तिसरा. महाराष्ट्रात पहिला मार्ग दहावीच्या निकालाआधी होणाऱ्या मार्गदर्शन व्याख्यानांच्या रूपाने सर्वपरिचित आहे. दुसऱ्याचा मोठा प्रयोग म्हणजे 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यभर घेतली गेलेली कल चाचणी. हे दोन्ही मार्ग स्वस्त आहेत आणि त्यांवर फारसा वाद होत नाही. तिसरा मार्ग मात्र सर्वांत जुना, सर्वांत खर्चिक आणि सर्वांत वादग्रस्त ठरला आहे. प्रस्तुत आढावा त्याचाच आहे.

या मार्गात बरेच काही मोडते. शाळेच्या वर्कशॉपमध्ये फिटिंग किंवा सुतारकाम शिकवणारा विषय, आठवड्यातून एक दिवस शेत आणि गोठ्यात भरणारा वर्ग, गावातल्या कुंभाराकडे वा गॅरेजमध्ये घालवलेले काही दिवस, सुट्टीतली उमेदवारी, विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेला छोटा धंदा. या सगळ्यांना एकाच नावाखाली आणले की गोंधळ सुरू होतो, कारण त्यांचे हेतू वेगळे असतात. कुठे काम हे गणित-विज्ञान शिकवण्याचे साधन असते, कुठे त्यातून नोकरीला उपयोगी कौशल्य हवे असते, तर कुठे आपल्याला काय आवडते आणि काय जमते एवढेच विद्यार्थ्याला कळले तरी पुरते. गेल्या शतकभरातल्या अनेक योजना एका हेतूने सुरू झाल्या आणि दुसऱ्याच हेतूच्या मापाने मोजल्या गेल्या. या वादातली निम्मी कटुता तिथून आली आहे.

पूर्वपीठिका : हंटर आयोग ते वर्धा

इंग्रजी अमलातल्या शाळा मुख्यतः कारकून आणि दुय्यम अधिकारी घडवत होत्या. त्यावरची टीकाही तेवढीच जुनी. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी शेतकऱ्यांच्या मुलांच्या अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली. खुद्द आयोगाने माध्यमिक टप्प्यावर दोन प्रवाह सुचवले : एक विद्यापीठाकडे नेणारा, दुसरा व्यापार-व्यवसायाकडे. कागदावर दोन्ही प्रवाह समान होते. प्रत्यक्षात मॅट्रिकची वाट सरकारी नोकरीकडे जात असल्याने दुसरा प्रवाह कोरडाच राहिला. पुढच्या प्रत्येक योजनेच्या वाट्याला थोड्याफार फरकाने हेच आले.

प्रश्नाला तात्त्विक उंची आली ती 1937 मध्ये. ‘हरिजन’मधील लेखांतून महात्मा गांधींनी मांडलेली हस्तोद्योगकेंद्री शिक्षणाची (नयी तालीमची) कल्पना 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याच्या परिषदेत चर्चेला आली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. 7 ते 14 या वयाच्या मुलांसाठीचे त्याचे वेळापत्रक आजही दचकवणारे आहे. साडेपाच तासांच्या शालेय दिवसातले 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे मुख्य हस्तोद्योगाला दिली होती. मातृभाषेला 40 मिनिटे, सामाजिक अभ्यास आणि सामान्य विज्ञान यांना मिळून अर्धा तास. सूतकताईसारखा उद्योग हा इथे विषय नव्हता, माध्यम होते. सुताचा नंबर काढताना गणित यावे, कापसाचा प्रवास सांगताना भूगोल आणि इतिहास यावा, असा हा विचार. सेवाग्रामला आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांनी हिंदुस्तानी तालीमी संघामार्फत तो बरीच वर्षे कसोशीने राबवला.

वाद पेटला तो दुसऱ्याच मुद्द्यावर. मुलांनी तयार केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार तरी निघावा, हा गांधींचा आग्रह होता. प्रा. के. टी. शहा यांनी या स्वावलंबनाच्या अटीला आक्षेप घेतला : शाळा उत्पादनाच्या मागे लागली तर मुले मजूर होतील आणि गावच्या कारागिराला शाळाच स्पर्धक होईल. बा. गं. खेर यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या समित्यांनी योजना तत्त्वतः उचलून धरली, पण उत्पन्नाचा आग्रह सौम्य केला. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळा सरकारी धोरण बनल्या आणि तिथूनच त्या विरत गेल्या. तकली आठवड्यातून एखाद्या तासाची झाली. शिक्षक स्वतः कारागीर नव्हते, हायस्कुलात गेल्यावर या शिक्षणाला पुढे जोड नव्हती आणि शहरी शाळा तर या योजनेपासून दूरच राहिल्या. खेड्यातल्या पालकाने त्यातून निष्कर्ष काढला की हे शिक्षण फक्त आपल्यासाठी आहे. तो निष्कर्ष चुकीचा होता असे म्हणणे कठीण आहे.

बहुद्देशीय शाळा, कार्यानुभव आणि बारावीची वेगळी वाट

1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुद्देशीय शाळा सुचवल्या. एकाच छताखाली तांत्रिक, शेती, वाणिज्य, गृहशास्त्र असे गट असावेत ही कल्पना. त्यांना शिक्षक मिळावेत म्हणून 1963 मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली. शिक्षक तयार होईपर्यंत शाळांचा उत्साह ओसरला होता. महाराष्ट्रात या काळाची टिकलेली खूण म्हणजे तांत्रिक विद्यालये. दहावीला ‘टेक्निकल’ घेणारी मुले आठवड्यातले काही तास तिथल्या वर्कशॉपमध्ये घालवत. तंत्रनिकेतनाच्या प्रवेशात या विषयासाठी काही जागा राखीव असल्याने त्याला मागणी राहिली. व्यवसाय विषयाला पुढच्या प्रवेशात ठोस किंमत मिळाली की पालक तो स्वीकारतात, याचे हे मराठी मुलखातले सर्वांत जुने उदाहरण.

1964-66 चा कोठारी आयोग हा पुढचा टप्पा. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांचा नयी तालीमचा अभ्यास होता. आयोगाने दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. पहिली, सर्व विद्यार्थ्यांसाठी ‘कार्यानुभव’, म्हणजे शिक्षणाचाच भाग असलेले उत्पादक काम. दुसरी, काही विद्यार्थ्यांसाठी व्यवसाय शिक्षण. दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी या दुसऱ्या वाटेने जावे अशी अपेक्षा होती. हा भेद महत्त्वाचा होता आणि अंमलबजावणीत तोच हरवला. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने कार्यानुभवाला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे वळण दिले. शाळाशाळांतून त्याचे जे रूप उरले ते खडू, मेणबत्त्या, कागदी फुले, भरतकाम आणि वर्षअखेरीला तपासायची वही. गुणपत्रिकेत श्रेणी, पण एकूण गुणांत भर नाही. ज्याला गुण नाहीत त्याला तास नाही, हा शाळेचा अलिखित नियम इथे पुरेपूर लागू झाला.

दहावीनंतरच्या व्यवसाय शाखेची कथा निराळी आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 1990 पर्यंत 10 टक्के आणि 1995 पर्यंत 25 टक्के विद्यार्थी व्यवसाय अभ्यासक्रमाला यावेत असे लक्ष्य ठेवले. 1992 च्या सुधारणेत हीच लक्ष्ये पाच वर्षांनी पुढे ढकलली गेली आणि तीही गाठली गेली नाहीत. महाराष्ट्रात या काळात किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, बोलीत ‘एमसीव्हीसी’, रुजले. त्यांच्या जोडीला विज्ञान शाखेत द्विलक्षी विषय होते, आणि त्यांचा प्रवास बोधप्रद आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हे 200 गुणांचे विषय हाताला काम शिकवण्यासाठी योजले होते. ते सर्वाधिक लोकप्रिय झाले अभियांत्रिकीची वाट धरलेल्या हुशार मुलांत, कारण त्यांत गुण भरभरून मिळत. एमसीव्हीसीकडे मात्र विज्ञान-वाणिज्याला प्रवेश न मिळालेली मुले वळली. एकाच धोरणाची ही दोन अपत्ये. एकाला प्रतिष्ठा मिळाली, पण मूळ हेतू सुटला. दुसऱ्याने हेतू सांभाळला, त्याला प्रतिष्ठा मिळाली नाही.

पाबळचा प्रयोग

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले पाबळ हे अवर्षणप्रवण गाव. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईक यांनी स्थापलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे ते एक केंद्र. शाळेतून गळालेल्या मुलांसाठीच्या निवासी अभ्यासक्रमाबरोबरच आश्रमाने गावच्या हायस्कुलासाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार केला. राज्य मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. शाळांत तो ‘आयबीटी’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो.

रचना साधी आहे. आठवी, नववी आणि दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस काम करतात. चार विभाग असतात : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. वर्गाचे गट पाडले जातात आणि ते आळीपाळीने चारही विभागांतून जातात. त्यामुळे मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाकघरातले पदार्थ करतो, त्यासाठी वेगळा उपदेश लागत नाही. शिकवणारे निदेशक शक्यतो गावातलेच, त्या त्या कामात मुरलेले. पदवी असलीच पाहिजे असा आग्रह नाही.

कलबागांची खरी भर इथून पुढे आहे. विद्यार्थ्यांचे काम नमुन्यापुरते नसावे, कुणाला तरी ते हवे असावे, असा त्यांचा आग्रह होता. शाळेची मोडकी बाके, कुणाच्या घरची वायरिंग, फेरोसिमेंटची पाण्याची टाकी, रोपवाटिका, मातीपरीक्षण, हिमोग्लोबिनची तपासणी ही कामे गावासाठी सेवा म्हणून केली जातात, त्यांचा मोबदला घेतला जातो आणि प्रत्येक कामाचा खर्च विद्यार्थ्याने काढायचा असतो. फसलेली जोडणी गिऱ्हाईक नाकारतो. परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा हा निकाल मुलांना लवकर समजतो. टाकीची क्षमता काढताना घनफळ आणि पत्रा कापताना क्षेत्रफळ येते. वर्ध्याच्या विचाराशी याचे नाते उघड आहे, पण दोन फरक आहेत. मूलोद्योग एक नसून अनेक आहेत आणि ते हस्तोद्योगापुरते न थांबता आधुनिक तंत्रज्ञानापर्यंत जातात. 2002 च्या सुमारास अमेरिकेच्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळला उभी राहिली ती याच धोरणातून. कलबाग 2003 मध्ये वारले. त्यानंतर ‘लेंड अ हँड इंडिया’सारख्या संस्थांच्या मदतीने हा कार्यक्रम महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत आणि इतर राज्यांतही गेला.

अडचणीही पाबळमध्येच स्पष्ट दिसल्या. निदेशकाचे मानधन अनुदानाच्या चौकटीत सहज बसत नाही. देणगीदार संस्थेचा आधार संपला की शाळेला कच्च्या मालाचा खर्च पेलत नाही. मुख्याध्यापक बदलला की कामाचा दिवस पुन्हा पुस्तकाचा होतो. मूळ आश्रमातला जिवंतपणा शेकडो शाळांत तसाच राहील असे गृहीत धरता येत नाही, हे आश्रमाशी जवळून परिचित असलेले लोकही मान्य करतात.

कौशल्य आराखडा आणि नवे धोरण

27 डिसेंबर 2013 रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि शाळेतल्या कामाची भाषाच बदलली. प्रत्येक कौशल्याला स्तर आला. नववी ते बारावीच्या इयत्तांना अनुक्रमे पहिला ते चौथा स्तर जोडला गेला. ऑटोमोबाइल, रिटेल, आरोग्यसेवा, ब्यूटी अँड वेलनेस, पर्यटन, आयटी असे विषय माध्यमिक शाळेत आले. प्रशिक्षक बहुधा कंत्राटी संस्थेमार्फत नेमला जातो आणि मूल्यमापनात उद्योगांच्या कौशल्य परिषदांचा सहभाग असतो. आयबीटीच्या परंपरेतून आलेला ‘मल्टी स्किल’ हा विषयही या चौकटीत बसवण्यात आला. तरी दोहोंचा रोख वेगळा आहे. आयबीटीत विद्यार्थी चार क्षेत्रे चाखतो, तर आराखड्यात तो नववीतच एका क्षेत्रात शिरतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने पुन्हा रुंदीकडे वळण घेतले. 2025 पर्यंत किमान 50 टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा, हे त्यातले लक्ष्य. सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकण्यासाठी, ही त्यातली सर्वाधिक चर्चा झालेली तरतूद. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाची विभागणी तीन गटांत केली : सजीवांसोबतचे काम, यंत्र आणि साहित्यासोबतचे काम, आणि मानवी सेवा. सहावी ते आठवीत दरवर्षी प्रत्येक गटातला एक प्रकल्प करायचा आणि पुढे नववी-दहावीतही हा विषय सर्वांना. एनसीईआरटीची ‘कौशल बोध’ ही पुस्तके याच रचनेची आहेत. कोठारी आयोगाने केलेला आणि मधल्या काळात पुसट झालेला भेद इथे परत आला, असे म्हणता येईल.

याला समांतर जाणारी एक वाट उद्योजकता आणि तंत्रज्ञानाची आहे. 2016 पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब, तसेच अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी 2,000 रुपये बीजभांडवल देणारा दिल्ली सरकारचा पूर्वीचा ‘बिझनेस ब्लास्टर्स’ कार्यक्रम ही तिची उदाहरणे. अशा लॅबमध्ये थ्री-डी प्रिंटर आणि सेन्सर असतात, नांगर किंवा शिवणयंत्र नसते. प्रतिष्ठेचा प्रश्न त्यांना भेडसावत नाही, तो बहुधा म्हणूनच.

परदेशातील चार नमुने

जर्मनीचे नाव या चर्चेत हटकून येते, पण बहुतेक वेळा अर्धवट. तिथली दुहेरी पद्धत, म्हणजे आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसाय शाळेत, सुरू होते ती माध्यमिक शाळा संपल्यावर. ती सर्वसाधारणपणे तीन ते साडेतीन वर्षे चालते आणि मालक विद्यार्थ्याला वेतन देतो. त्याआधी शाळेत असतानाच बहुतेक विद्यार्थी दोन-तीन आठवडे एखाद्या आस्थापनेत काढतात. हा शालेय भाग कुणालाही उचलता येण्याजोगा आहे. मुख्य उमेदवारी मात्र उद्योगसंघ, कामगार संघटना आणि शासन यांच्या जुन्या करारावर उभी आहे. शिवाय बहुतेक जर्मन प्रांतांत मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी दहाव्या वर्षीच होते आणि ती सामाजिक विषमता पक्की करते, ही टीका खुद्द जर्मनीत जुनी आहे.

जपानच्या ह्योगो प्रांतात 1998 पासून आठवीच्या वयाच्या सर्व मुलांना पाच दिवस दुकाने, शेते, अग्निशमन केंद्रे, पाळणाघरे अशा ठिकाणी पाठवले जाते. कौशल्य शिकवणे हा त्याचा हेतूच नाही. इंग्लंडने उलटी वाट धरली. व्यवसाय शिक्षणावरील 2011 च्या वुल्फ अहवालानंतर सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी कार्यानुभवाची सक्ती 2012 मध्ये उठवली गेली, कारण अनेक ठिकाणी या अनुभवाचे दोन आठवडे चहा करण्यात आणि झेरॉक्स काढण्यात जात. पुढे करिअर मार्गदर्शनाच्या 2014 च्या गॅट्सबी निकषांनी कामाच्या ठिकाणचा अनुभव पुन्हा चांगल्या शाळेच्या व्याख्येत आणला.

अमेरिकेतला वाद तर वर्ध्याच्याही आधीचा. 1915 मध्ये शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड स्नेडन आणि जॉन ड्यूई यांची यावर जाहीर जुगलबंदी झाली. स्नेडन यांना उद्योगाला हवा तसा कामगार तयार करणारी वेगळी शाळा हवी होती. काम हे सर्वांच्या शिक्षणाचे अंग असावे, पण मुलांना धंद्याच्या साच्यात घालू नये, असे ड्यूई यांचे म्हणणे. 1917 चा व्यवसाय शिक्षणविषयक स्मिथ-ह्यूज कायदा स्नेडन यांच्या बाजूने झुकला. 1969 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेल्या करिअर अकादमींनी शाळेतच एखाद्या क्षेत्राभोवती सर्व विषय गुंफून मधला मार्ग शोधला.

चार भूमिका

पहिली भूमिका शिक्षणशास्त्रीय. काम हे शिकण्याचेच उत्तम साधन आहे. पुढे कुणी वेल्डर होवो वा वकील, लोखंड तापवून वाकवलेल्या मुलाला पदार्थविज्ञान अधिक खोल समजते. गांधी, ड्यूई आणि कलबाग यांना जोडणारा हा धागा आहे. या भूमिकेनुसार योजनेचे यश किती मुलांना नोकरी लागली यावर मोजणे गैरलागू ठरते.

दुसरी भूमिका रोजगाराची. भारतात मोठ्या संख्येने मुले दहावी-बारावीनंतर शिक्षण थांबवतात. 2020 च्या धोरणात उद्धृत केलेल्या बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार 19 ते 24 या वयोगटातल्या कामगारांपैकी 5 टक्क्यांहून कमी लोकांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते. हेच प्रमाण जर्मनीत 75 आणि दक्षिण कोरियात 96 टक्के दिले आहे. अशा मुलांच्या हाती मान्यताप्राप्त कौशल्य न देता त्यांना शाळेबाहेर सोडणे हाच अन्याय, असे ही बाजू म्हणते.

तिसरी भूमिका निवडीची. पंधरा वर्षांच्या मुलाला डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, शिक्षक यांपलीकडचे व्यवसाय माहीतच नसतात. चाचणीतून आवड कळते ती प्रश्न समजण्यापुरती. रुग्णालयात तीन दिवस काढले की रक्त पाहवत नाही हे कळते, आणि हे कळणेही उपयोगाचे असते. म्हणून थोडा पण वैविध्यपूर्ण अनुभव पुरेसा.

चौथी भूमिका शंकेची आहे आणि भारतात ती टाळून पुढे जाता येत नाही. जातिव्यवस्था हे केवळ श्रमाचे नव्हे तर श्रमिकांचेही विभाजन आहे, असे डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये दाखवून दिले होते. ज्या समाजात व्यवसाय जन्माने ठरत आला, तिथे शाळेने लवकर व्यवसाय शिकवणे म्हणजे जुनी वाटणी प्रमाणपत्रासह परत आणणे ठरू शकते. ही भीती काल्पनिक नाही. 1953 मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांचा वेळ निम्मा करून उरलेल्या वेळात मुलांनी आईवडिलांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलव्यवसायाचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. 1954 मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि त्यांच्यानंतरचे मुख्यमंत्री कामराज यांनी योजना मागे घेतली. याला कृष्णकुमार यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञांनी दिलेले उत्तरही विचारात घ्यावे लागते. शाळेचे ज्ञान आजवर उच्चवर्णीयांच्या पोथीचे राहिले, कारागीर जातींचे ज्ञान अभ्यासक्रमात आणणे हीच जातिव्यवस्थेवरची चढाई आहे, असा त्यांचा नयी तालीमचा अर्थ. दोन्ही युक्तिवाद एकाच वेळी खरे असू शकतात. फरक पडतो तो काम सर्वांना करावे लागते की काहींनाच, यावर. चामडे कापण्याचे काम शहरातल्या महागड्या शाळेतही झाले तर त्याचा अर्थ बदलतो.

लिंगभेदाचा प्रश्न याच जातीचा. विषय निवडायला सांगितला की ब्यूटी अँड वेलनेसला मुली आणि ऑटोमोबाइलला मुलगे जातात. फिरत्या गटांच्या रचनेत हे आपोआप टळते, एकाच क्षेत्राच्या निवडीत टळत नाही.

पुरावा काय सांगतो

सर्वांत भक्कम अभ्यास अमेरिकेतल्या करिअर अकादमींचा आहे. एमडीआरसी या संस्थेने सोडत काढून निवडलेल्या आणि न निवडलेल्या विद्यार्थ्यांचा शाळा संपल्यानंतर आठ वर्षे मागोवा घेतला. निवडलेल्यांची वार्षिक कमाई सरासरी 11 टक्क्यांनी अधिक निघाली. हा लाभ मुख्यतः मुलग्यांत दिसला. शालेय चाचण्यांतल्या गुणांवर परिणाम दिसला नाही, ते घसरलेही नाहीत. पहिल्या भूमिकेला हा निष्कर्ष थोडा अडचणीचा आहे आणि दुसरीला सोयीचा.

विरुद्ध बाजूला हनुशेक, श्वेर्ट, वोसमन आणि झांग यांचा 2017 चा अनेक देशांचा अभ्यास आहे. व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना तरुणपणी काम लवकर मिळते, मात्र पन्नाशीकडे झुकताना सामान्य शिक्षण घेतलेले पुढे जातात, कारण तंत्र बदलले की अरुंद कौशल्य जुने होते. उमेदवारीवर भर असलेल्या देशांत हा परिणाम अधिक तीव्र आहे. इथे जपून वाचायला हवे. हा अभ्यास वेगळ्या व्यवसाय शाखेचा आहे. आठवड्यातला एक दिवस काम करणाऱ्या सामान्य शाळेला किंवा दप्तराविना दहा दिवसांना तो लावता येत नाही. भारतातल्या चर्चेत मात्र दोन्हीकडचे लोक हे निष्कर्ष सरसकट वापरतात. पाबळसारख्या प्रयोगांचे मूल्यमापन बहुधा शाळा आणि संस्थांच्या अहवालांतून झाले आहे. हजेरी वाढली, विज्ञानातली गोडी वाढली, असे त्यांत वारंवार नोंदलेले असते. पण ज्या शाळा असा विषय स्वखुशीने घेतात त्या मुळातच उत्साही असतात, त्यामुळे तुलनेला जागा उरत नाही.

अनिर्णित राहिलेले

पहिला प्रश्न जागेचा. जर्मनीत किंवा जपानात विद्यार्थ्याला सामावून घेणारी नोंदणीकृत आस्थापना असते. भारतात बहुसंख्य काम असंघटित क्षेत्रात आहे. गॅरेज, शिलाईचे दुकान, फर्निचरचा कारखाना. तिथे कसब आहे, पण विमा, सुरक्षिततेची साधने आणि शिकवण्याची फुरसत बेताचीच. कायद्याची बाजूही नाजूक आहे. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना घरच्या व्यवसायात शाळेबाहेरच्या वेळेत मदत करण्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास कामाला ठेवता येत नाही आणि 14 ते 18 वयोगटाला धोकादायक उद्योगांत मनाई आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 चौदाव्या वर्षापासून उमेदवारीची मुभा देतो. सहावीचा विद्यार्थी सुताराकडे शिकतो आहे की राबतो आहे, हे ठरवणारी स्पष्ट रेषा शाळेला, सुताराला आणि कामगार निरीक्षकाला सारखीच दिसेल अशी अद्याप आखलेली नाही. घरच्या व्यवसायाचा अपवाद तर राजाजींच्या योजनेवरचा जुना आक्षेप पुन्हा जागा करतो.

दुसरा शिक्षकाचा. गावच्या इलेक्ट्रिशियनला वर्गात आणायचे की शिक्षकाला वायरिंग शिकवायची? पाबळने पहिले उत्तर दिले, मुदलियार काळाने दुसरे. कौशल्य आराखड्याने कंत्राटी प्रशिक्षक हा तिसरा पर्याय काढला. त्यात नेमणुकीची शाश्वती नसल्याने अनुभवी माणसे टिकत नाहीत, अशी तक्रार आहे.

तिसरा खात्यांचा. महाराष्ट्रात माध्यमिक शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, तर आयटीआय व्यवसाय शिक्षण संचालनालयामार्फत कौशल्य विभागाकडे. एकाच गावात आयटीआयचे लेथ दुपारनंतर बंद असतात आणि शेजारच्या हायस्कुलाला वर्कशॉप नसते. 2020 च्या धोरणाने यंत्रसामग्री वाटून घेण्याचा पर्याय सुचवला आहे. वेळापत्रक, अपघाताची जबाबदारी आणि कच्च्या मालाचे बिल कोणाच्या नावावर, हे ठरल्याशिवाय तो प्रत्यक्षात येणे अवघड आहे.

चौथा आणि सर्वांत चिवट प्रश्न गुणांचा. व्यवसाय विषयाला गुण नसले तर तो कार्यानुभवाच्या वाटेने जातो. गुण सढळ असले तर द्विलक्षी विषयांसारखा गुण वाढवण्याचे साधन बनतो. भाषेऐवजी हा विषय घेण्याची सोय दिली तर भाषेत कच्च्या मुलांचा विषय अशी त्याची ओळख पक्की होते. सर्वांना सक्तीचा केला तर साहित्य आणि निदेशक नसलेल्या शाळांत तो पुस्तकातून शिकवला जाण्याचा धोका आहे. नव्या अभ्यासक्रम आराखड्याने शेवटचा पर्याय निवडला असून मूल्यमापनाचा मोठा भाग प्रात्यक्षिकावर ठेवण्याकडे त्याचा कल आहे. मात्र अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि अनेक पदवी प्रवेश आता स्वतंत्र परीक्षांवर ठरतात. त्या परीक्षांत या विषयाला स्थान नाही, आणि अकरावी-बारावीच्या अनेक विद्यार्थ्यांचा दिवस शाळेपेक्षा क्लासमध्येच अधिक जातो. दहावीपर्यंत आखलेली ही वाट त्यापुढच्या दोन वर्षांत कशी न्यायची, याचा तपशील राज्यांनी अजून ठरवायचा आहे.